छेद कुठे आहे?

तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी पहिल्या वर्षाची एक मुलगी फळ्यापाशी थांबून राहिली. फोन तिनं छातीशी घट्ट धरला होता. विचारायचं तर आहे पण विचारावं की नाही हे ठरत नसलं, की मुलं अशीच उभी राहतात. मी डस्टर खाली ठेवलं. "मॅडम, हे खोटं आहे ना?" असं म्हणून तिनं फोन पुढे केला.

'खरं आहे का' असं तिनं विचारलं नव्हतं. मी खोटं म्हणावं एवढंच तिला हवं होतं, म्हणजे रात्री झोप लागली असती.

फोनवर एक आलेख होता. साथीच्या काळात एका रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांपैकी दोनतृतीयांश लोकांनी लस घेतलेली होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता तरी डोळे उघडा.' तिला पुढच्याच आठवड्यात एक लस घ्यायची होती. लहानपणी सगळ्या लशी तिला आईनं दिल्या, तिनं फक्त दंड पुढे केला. या वेळी संमतीपत्रावर तिची स्वतःची सही लागणार होती.

'हो, खोटंच आहे' असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण तो आकडा बहुधा खरा होता. आणि मी संख्याशास्त्र शिकवते.

तिच्या वहीचं मागचं पान उघडलं. म्हटलं, 1,000 माणसं धर. आकडे मी मनानं घेते आहे, समजायला सोपे जावेत म्हणून. त्यातल्या 950 जणांनी लस घेतली, 50 जणांनी नाही घेतली. साथ आली. लस न घेतलेल्यांत पाचातला एक जण रुग्णालयात गेला, म्हणजे 10 जण. लस घेतलेल्यांत पन्नासातला एक, म्हणजे 19 जण. आता रुग्णालयात जाऊन मोजलंस तर 29 रुग्ण दिसतील, आणि त्यातले 19 लस घेतलेले. झाले की दोनतृतीयांश. तुझ्या फोनवरचा आलेख तो हाच.

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. 19 च्या खाली रेघ मारून 950 लिहिलं, 10 च्या खाली रेघ मारून 50 लिहिलं, आणि बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे धोका दहापट कमी झालाय. आलेख तर उलटंच सांगतोय."

"आलेखातला अंश खरा आहे," मी म्हटलं, "फक्त छेद दाखवलेला नाही."

अंश आणि छेद आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की सोडून देतो. पण लशींविषयी फिरणारे मेसेज, रील, स्क्रीनशॉट घेऊन बसलं, की त्यातल्या कितीतरी ठिकाणी खालचा आकडाच नसतो. 'लस घेतल्यावर इतके लोक दगावले.' कितीजणांनी घेतली होती त्यातले? त्याच काळात, त्याच वयाचे, लस न घेतलेले किती दगावले? वरचा आकडा डोळ्यांत भरतो, कारण त्याला चेहरा असतो, नाव असतं, रडणारी आई असते. खालच्या आकड्याला चेहरा नसतो. ज्यांना काहीच झालं नाही त्यांचा व्हिडिओ कोण काढणार?

त्या मुलीला मी एक पान लिहून देऊ शकले, याला कारण दोन वर्षांपूर्वीची माझी एक चूक आहे. ती सांगायलाच हवी.

तेव्हा आमच्याकडे माध्यम साक्षरतेचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तो माझ्याकडे आला. मी मनापासून तयारी केली. प्रश्नांचा एक तक्ता केला. हे कोण सांगतंय? का सांगतंय? यात पैसा कुणाचा? पुरावा काय दिलाय? भाषा भडक आहे का? मुलांनी तो तक्ता वहीत चिकटवला. शेवटी गृहपाठ दिला, की लशींबद्दल माहिती देणारे काही स्रोत घ्या आणि या तक्त्यावर घासून बघा.

वर्गातला सगळ्यांत लक्ष देऊन ऐकणारा मुलगा. त्यानं तक्ता तंतोतंत वापरला. शासनाच्या आरोग्य विभागाचं पान: त्यांना लसीकरणाचे आकडे वाढवून दाखवायचे असतात, म्हणजे हेतू आहे. लशीच्या चाचण्यांचा शोधनिबंध: पैसा कंपनीचा, म्हणजे हेतू आहे. मुलाखत देणारे डॉक्टर: पगार रुग्णालयाचा, म्हणजे हेतू आहेच. चौथा स्रोत होता गाडीत बसून मोबाइलसमोर बोलणारा एक माणूस. त्याच्यापुढे मुलानं लिहिलं होतं, 'शांतपणे बोलतो. भाषा भडक नाही. यातून त्याला काहीही मिळत नाही.' सगळ्यांत जास्त गुण त्याला.

तो कागद मी कितीदा वाचला असेन. चूक शोधत होते आणि सापडत नव्हती, कारण एकेक पायरी मीच शिकवलेली होती. मी मुलांना संशय घ्यायला शिकवलं होतं आणि तिथंच थांबले होते. विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. सगळ्यांवर सारखाच संशय घेतला की सगळे सारखेच होतात, आणि मग ज्याचा आवाज जवळचा वाटतो त्याच्यामागे माणूस जातो.

त्यानंतर मी बरंच वाचलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 45 जणांना संगणकासमोर बसवून एक अभ्यास केला होता. 10 इतिहासाचे पीएच.डी. अभ्यासक, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 त्याच विद्यापीठातले विद्यार्थी. त्यांना दिलेल्या कामांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं होती. नावं जवळजवळ सारखी, दोन्हींचं रूप नेटकं. एक 1930 पासूनची, साठ हजारांहून जास्त सदस्यांची. दुसरी तिच्यातूनच 2002 मध्ये फुटून निघालेला, काही शे जणांचा गट. हुशार विद्यार्थी, आणि अभ्यासकसुद्धा, ती पानं वरपासून खालपर्यंत वाचत बसले. मजकूर कसा आहे, संदर्भ दिलेत का, बोधचिन्ह कसं आहे हे पारखत राहिले आणि बरेचसे फसले. तपासनीस पानावर क्षणभर थांबले आणि लगेच बाहेर पडले. नवी टॅब उघडली, संघटनेचं नाव टाकलं आणि बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. थोड्या वेळात त्यांचा निकाल लागला.

माझा तक्ता मुलांना त्या पानावरच खिळवून ठेवत होता. एखादा माणूस कसा आहे हे त्याचं त्यालाच विचारण्यासारखं होतं ते. आपण ओळखीच्यांत चौकशी करतो, शेजारीपाजारी विचारतो.

मी त्या मुलाला बोलावलं आणि त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, गाडीतल्या त्या माणसाचं नाव वेगळ्या टॅबमध्ये टाक. चार मिनिटं लागली असतील. त्या माणसाचं स्वतःचं दुकान निघालं, लशीचं 'विष' शरीरातून उतरवणाऱ्या गोळ्यांचं. मुलाचा चेहरा उतरला. मला त्यात आनंद वाटला नाही. विश्वास ठेवलेल्या माणसानं फसवलं की लागतंच, आणि एकोणिसाव्या वर्षी जास्त लागतं. थोड्या वेळानं त्यानं वर बघून विचारलं, "मग बाकीचे तरी खरे कशावरून, मॅडम? पैसा तर तिकडेही आहेच."

हा प्रश्न अगदी रास्त होता. तो उद्धटपणा समजून झटकला असता, तर मुलगा पुन्हा त्या गाडीत जाऊन बसला असता.

पैसा सगळीकडे असतो, हे मी मान्य केलं. मग त्याला एक जुनं प्रकरण सांगितलं. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा निबंध 'द लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची एकत्र लस आणि मुलांमधली स्वमग्नता यांचा संबंध असावा, असा त्याचा सूर होता. अभ्यासातली मुलं किती? 12. पण बातमी घरोघरी पोचली आणि आईवडील लस टाळू लागले. 2004 पासून ब्रायन डीअर हा पत्रकार या प्रकरणाच्या मागे लागला. लसउत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डला चार लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली होती, हे त्यानं उघड केलं. मुलांच्या नोंदीही निबंधात बदलून मांडलेल्या निघाल्या. 2010 मध्ये 'लॅन्सेट'नं निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून वेकफिल्डचं नाव काढलं गेलं. दरम्यान इतर ठिकाणचे संशोधक त्याच प्रश्नाला भिडलेच होते. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहून 2019 मध्ये निष्कर्ष आला, की या लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत नाही.

"पैसा तर इथंही होता," तो म्हणाला. होता ना. आणि त्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं. दुसऱ्या कुणाला तरी तो तपासता आला, बाहेर काढता आला, आणि चुकीचं छापलेलं मागे घ्यावं लागलं. गाडीतल्या माणसाचं चुकलं तर ते मागे घ्यायला लावणारं कोण आहे? एवढा एकच प्रश्न मी त्याला तक्त्यात वाढवून लिहायला सांगितला: हे चुकलं असेल, तर ते पकडणारं कुणी आहे का?

खरं तर लशींच्या इतिहासात चुका पकडल्याच्या गोष्टी भरपूर आहेत. त्या वर्गात सांगायला आपण घाबरतो, मुलं बिथरतील असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. अमेरिकेत 1998 मध्ये रोटाव्हायरसच्या अतिसारावर एक लस आली. वर्षभरात तिथल्या दुष्परिणाम-नोंद यंत्रणेत काही बाळांच्या तक्रारी आल्या. आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकत होता. तपास झाला. साधारण 10,000 बाळांमागे एक जादा बाळ, इतका तो धोका होता. 1999 मध्ये ती लस बाजारातून काढली गेली. पुढे त्याच रोगावर ज्या दोन लशी आल्या, त्या बाजारात येण्याआधी प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवरच्या चाचण्यांतून गेल्या. इतका दुर्मीळ धोका दिसायला तेवढा मोठा छेद लागतो, म्हणून.

गंमत अशी, की त्याच नोंद यंत्रणेतले आकडे 'लशीमुळे एवढे मेले' म्हणून आज सर्रास फिरतात. या नोंदवहीत कुणीही काहीही लिहू शकतं. लशीनंतर जे जे झालं ते नोंदवा, कारण मागाहून तपासू, अशी तिची रचनाच आहे. एका अमेरिकी डॉक्टरनं तर लस घेतल्यावर आपण कॉमिकमधला हल्क झालो अशी तक्रार मुद्दाम नोंदवून पाहिली, आणि ती स्वीकारलीही गेली. दार असं सताड उघडं ठेवलं नसतं, तर 10,000 मागचं ते एक बाळ कुणाला दिसलंच नसतं. हे सांगितलं की वर्गात नेहमी थोडी शांतता पसरते. मुलांना कळतं, की एकच कागद धोक्याची घंटाही असू शकतो आणि अफवेचं भांडवलही. तो कोण, कशासाठी वाचतंय यावर सगळं अवलंबून आहे.

आम्हीही छेद लपवतो, हे मला एका मुलीनंच दाखवलं. लसीकरण शिबिराचं एक पोस्टर भिंतीवर लागलं होतं: 'लस 100 टक्के सुरक्षित'. तिनं विचारलं, "मॅडम, 100 टक्के सुरक्षित अशी कुठली गोष्ट असते का?" नसते. मी रोज त्याच पोस्टरसमोरून जात होते, आणि माझ्या बाजूचं म्हणून ते मला खटकलं नव्हतं. अशा पोस्टरचं पुढे काय होतं? ज्याला दंडावर सूज येते, दोन दिवस ताप येतो, तो म्हणतो, यांनी सांगितलं नव्हतं. मग पुढचं सगळंच त्याला खोटं वाटायला लागतं. 'बहुतेकांना एकदोन दिवस दंड दुखतो, काहींना ताप येतो, गंभीर त्रास फार क्वचित होतो, आणि तो झालाच तर काय करायचं ते इथं लिहिलंय' असं पोस्टर लावायला काय हरकत होती? लांबलचक झालं असतं, पण टिकलं असतं.

विश्वास एकदा तुटला की काय होतं, हे सामोआनं पाहिलं. पॅसिफिक महासागरातला हा दोन लाख वस्तीचा देश. 2018 च्या जुलैमध्ये तिथं दोन बाळं गोवराची लस टोचल्यावर काही मिनिटांत गेली. लशीत दोष नव्हता. लशीची भुकटी पाण्यात कालवायची असते, ती परिचारिकांनी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली होती. पण ते समजेपर्यंत आणि समजल्यावरही लोकांच्या मनात एकच चित्र राहिलं: लस आणि मेलेलं बाळ. लसीकरण कित्येक महिने थांबलं, अफवा पसरवणाऱ्यांना आयतं रान मिळालं, आणि त्या वर्षी जेमतेम एकतृतीयांश बाळांना लस मिळाली. गोवराला रोखायला समाजातल्या 95 टक्के लोकांकडे संरक्षण लागतं. 2019 च्या शेवटी गोवर आला. 5,700 हून जास्त लोक आजारी पडले, 83 गेले, त्यात बहुसंख्य पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरमध्ये सरकारनं दोन दिवस सगळं बंद ठेवून घरोघर लस नेली. ज्या घरात कुणाची लस राहिली असेल, त्यांनी दाराशी लाल कापड बांधायचं होतं.

मी हे सांगते तेव्हा त्या लाल कापडापाशी मला थांबावंच लागतं. महिना-दीड महिना आधी ज्या घरांनी लस नाकारली असती, त्यांतल्या कितीकांनी ते कापड आपल्या हातानं बांधलं असेल.

इथं कुणी मूर्ख नव्हतं. दोन बाळं खरंच गेली होती. अंश खरा होता. तीच लस जगभर कोट्यवधी मुलांना सुखरूप दिली गेली होती, हा छेद त्या आईवडिलांपर्यंत विश्वासाच्या माणसाकडून वेळेवर पोचला नाही. 'लोक अडाणी आहेत म्हणून लस घेत नाहीत' असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की मी म्हणून चिडते. माझ्या वर्गात शंका घेणारी मुलं बहुतेकदा जास्त वाचणारी असतात.

आता मी तक्ता देत नाही. दोन तास वेगळं काम करते. मुलांचे गट करते आणि सांगते, अस्तित्वातच नसलेल्या एका लशीविरुद्ध लोकांना घाबरवणारा मेसेज तयार करा, कागदावर, वीस मिनिटांत. याची मुळं जुनी आहेत. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात मांडलं होतं, की फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधी दिली तर माणूस पुढच्या मोठ्या फसवणुकीला तोंड देऊ शकतो. अलीकडे केंब्रिजमधल्या संशोधकांनी त्यावर खेळही तयार केले. परिणाम कालांतरानं ओसरतो, पुन्हा उजळणी लागते, हेही त्यांच्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुलांच्या हाताचा वेग बघून मी दचकले. एका गटानं सुरुवातच केली, 'मी स्वतः नर्स आहे, नाव सांगू शकत नाही.' दुसऱ्यानं आकडा घातला, 37. कसला 37 ते त्यांनाही माहीत नव्हतं. "गोल आकडा खोटा वाटतो, मॅडम" एवढंच कारण. शेवटी प्रत्येकाच्या कागदावर तेच वाक्य आलं, डिलीट व्हायच्या आत सगळ्यांना पाठवा. वाचून झाल्यावर आधी हशा झाला, मग एक मुलगी म्हणाली, "हे माझ्या आईला पाठवलं तर ती खरं मानेल." हसू थांबलं. ते कागद आम्ही तिथंच फाडले.

त्या आलेखवाल्या मुलीची लस होती एचपीव्हीची, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची. वयाचा प्रश्न तिला सतावत होता, आता उशीर तर झाला नाही ना. मी तिला स्वीडनचा अभ्यास काढून दिला, 2020 चा, जवळजवळ 17 लाख मुली आणि तरुणींच्या नोंदींचा. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग 88 टक्क्यांनी कमी आढळला, आणि 17 ते 30 या वयात घेतलेल्यांत 53 टक्क्यांनी. "म्हणजे आधी घेतली असती तर बरं झालं असतं, पण आताही अर्थ आहे," ती म्हणाली. तिनं सही केली. धाकटी बहीण बारा वर्षांची आहे, तिचं काय करायचं ते आईला विचारते म्हणाली.

आणि तो मुलगा. तो आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा जिन्यात बसलेला दिसला, मांडीवर लशीच्या डबीतलं माहितीपत्रक उघडून. ते पत्रक उघडलं की नकाशासारखं पसरतं आणि पुन्हा नीट घडी होत नाही. बारीक अक्षरांत दुष्परिणामांची यादी होती. 'अतिसामान्य: 10 पैकी एकापेक्षा जास्त.' त्याखाली सामान्य, मग दुर्मीळ. सगळ्यात खाली, 'अतिदुर्मीळ: 10,000 पैकी एकापेक्षा कमी.' त्यासमोर दोन आजारांची लांबलचक नावं.

मी शेजारी बसले. त्यानं लस घेतली की नाही, घेणार की नाही, हे मी विचारलं नाही. त्यानं त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांचा आकडा कुठेच लिहीत नाहीत."

मग खिशातून पेन्सिल काढून त्यानं त्या ओळीच्या पुढे, समासात, बारीक अक्षरांत लिहिलं: 9,999 किंवा जास्त.